चीफचा पाचवा मेंढा

मी चीफचा मेंढा पाडला. शंभर मीटरवरचा, रांगेतला पाचवा. शेजारीच माझे स्वतःचे पाच मेंढे उभे होते, ते सोडून मी त्यांचा पाडला.

मेंढा पोलादी होता, हे आधीच सांगून टाकतो. आईला सांगायला मी उशीर केला आणि ते फार महागात पडलं. आमच्या घरी रोज पंचशील म्हटलं जातं आणि त्यातलं पहिलंच शील जीव घेऊ नये असं सांगतं. आपला मुलगा सिंगापूरला जाऊन दर रविवारी कोंबड्या, डुकरं, टर्की आणि मेंढ्यांवर गोळ्या झाडतो, हे तिला नागपुरात फोनवरून कळलं. अगं, ते पत्रे आहेत, रंगवलेले, असं मी परोपरीनं सांगितलं. मग तिनं विचारलं, हा कसला खेळ? मी म्हटलं, लिव्हरच्या बंदुकीचा. लाइन खराब होती. तिला फक्त लिव्हर ऐकू आलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत बातमी पोचली की मी परदेशात पिऊन पिऊन आजारी पडलोय. एका मावशीनं भुईआवळ्याचा रस सुचवला.

तर लिव्हर म्हणजे बंदुकीच्या दस्त्याखालचं लोखंडी कडं. जुन्या शिकारी बंदुकांना ते असायचं. त्यात बोटं घालून ते पुढे ढकललं की रिकामी पुंगळी उडून बाहेर पडते, आणि मागे ओढलं की नवी गोळी नळीत जाते. ज्याला कुकरचं झाकण लावता येतं त्याला हे जमावं. मला चार वर्षांत जमलं नाही. जुनी वस्तू, मोडेल बिडेल, असं वाटून माझा हात मधेच ढिला पडायचा. लिव्हर अर्धाच बसायचा, नवी गोळी तोंडाशी तिरकी अडकायची, आणि मी सगळ्यांसमोर नखानं बंदूक उकरत उभा राहायचो. अशा वेळी डावीकडून, मान न वळवता, चीफ म्हणायचे, "पूर्ण. अर्धवट काम माझ्या शेजारी नको."

चीफचं नाव मी सांगत नाही. खरं म्हणजे पहिली तीन वर्षं मलाही ते माहीत नव्हतं. ते जहाजावर चीफ इंजिनिअर होते आणि तिथं हुद्दा हेच नाव असतं. पुढं जमिनीवर आले, एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागले, तिथंही सगळे चीफच म्हणत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना तोंडावर "अहो" म्हणायच्या आणि पाठीमागे "चीफ". त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

आमची ओळख त्या यार्डातच झाली. माझं काम कंपनं मोजायचं. पंप, टर्बाइन, मोटार, जे काही गरगरतं त्याला मी सेन्सर चिकटवतो, लॅपटॉपवर आलेख काढतो आणि शेवटी अहवाल लिहितो. अहवालात एक रकाना असतो: काय करावे. तो भरण्याचाच मला पगार मिळतो. त्या दिवशी एका जहाजाच्या पंपाशी मी दोन तास वायरींच्या गुंत्यात बसलो होतो. करड्या केसांचा, ठेंगणा, बॉयलर सूट घातलेला एक माणूस आला, त्यानं पंपाच्या अंगावर तळहात टेकवला, आजारी पोराच्या कपाळावर टेकवावा तसा, आणि म्हणाला, "वरचं बेअरिंग." तासाभरानं माझ्या लॅपटॉपनंही तेच सांगितलं. मी ते कबूल केल्यावर चीफ म्हणाले, "तुझं मशीन हुशार आहे. फक्त जरा सावकाश आहे." त्या दिवसापासून त्यांनी मला मोजणीदार करून टाकलं. आमच्याकडे शेताची हद्द मोजायला येणाऱ्याला मोजणीदार म्हणतात. तो ज्या बाजूनं चहा मिळेल त्या बाजूला हद्द सरकवतो अशी त्याची ख्याती असते, आणि चीफना मी त्यातलाच वाटत असलो पाहिजे.

"आधी हात लावून बघ" हे त्यांचं पालुपद. तुम्ही कुणाला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, खांबाला हात लावून "पुढच्या डब्याचं चाक चपटं झालंय" म्हणताना पाहिलंय? मी पाहिलंय. मरीन परेडला त्यांच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कॉफीवाल्या काकाच्या फ्रिजला हात लावून त्यांनी सांगितलं होतं की हा महिनाभर काढेल. फ्रिजनं तीन आठवडे काढले. तेव्हापासून तो काका त्यांना डॉक्टर म्हणायला लागला आणि आम्हाला कॉफी रांगेत न उभं राहता टेबलावर मिळू लागली.

नेमबाजीच्या क्लबात त्यांनीच मला नेलं. म्हणाले, जन्मभर दुसऱ्यांची थरथर मोजलीस, एकदा स्वतःची बघ. क्लब बेटाच्या पश्चिम टोकाला, एमआरटी संपल्यावर बस आणि बस संपल्यावर पायपीट. बंदुका क्लबच्या कुलपात असतात, घरी न्यायची सोयच नाही. गोळ्या मोजून मिळतात आणि उरलेल्या गोळ्या, रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात. क्लबात जुन्या लिव्हरच्या सात बंदुका होत्या आणि त्यांच्यावर जीव टाकणारी अकरा माणसं. उभ्यानं, कशाचाही आधार न घेता, दुर्बिणीशिवाय नेम धरायचा. सर्वांत जवळ कोंबड्या, मग डुकरं, मग टर्की, आणि शंभर मीटरवर मेंढे. प्रत्येकाच्या वाट्याला पाच पाच. डावीकडून सुरुवात करायची, ओळीनं पाडत जायचं, पाच गोळ्यांना दोन मिनिटं. एका रांगेतले पाचच्या पाच पडले तर टोपीला लावायला एक पिन मिळते.

चीफच्या टोपीवर कोंबडी, डुक्कर आणि टर्की अशा तीन पिना होत्या. त्यांच्या शेजारी एक रिकामं भोक. मेंढ्याच्या पिनेसाठी ते त्यांनी आठ वर्षांपूर्वीच पाडून ठेवलं होतं. त्यातून डोक्याला ऊन लागतं अशी तक्रार ते करायचे, पण दुसरी टोपी घेत नव्हते. चार मेंढे त्यांनी कितीदा पाडले असतील, पाचवा दर वेळी उभा राहायचा.

माझ्या टोपीबद्दल विचारू नका. माझ्या गोळ्या कायम खाली जायच्या. जनावराच्या खुराखालची माती उडायची आणि जनावर जागच्या जागी. एकदा मी मुलीला बघायला नेलं होतं. इथल्या हौगांगच्या शाळेत वाढलेली ती, घरी मराठी समजते पण उत्तर इंग्रजीतून देते. दीड तास बघून ती म्हणाली, "बाबा, द पिग ऑल्सो नॉट स्केअर्ड ऑफ यू, लाह." हे भाषांतर करून मीच चीफना सांगितलं. ते रेंजवर हसत नसत, त्या दिवशी हसले.

एके सकाळी कॉफी पिताना त्यांचा कप बशीत वाजायला लागला. अगदी बारीक, एकसारखा. त्यांनी कप उचलला तेव्हा आवाज थांबला. खाली ठेवून हात तसाच राहू दिला तेव्हा परत सुरू झाला. मी वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं केलं. तुम्ही शिंपी असता तर दुसऱ्याच्या सदऱ्याची उसवलेली शिवण तुमच्या नजरेतून सुटली असती का?

चीफ म्हणाले, "किती?"

मी म्हटलं, "काय किती?"

"मोजलंस ना? किती?"

"सेकंदाला पाच," मी म्हटलं.

ते "हं" म्हणाले आणि कॉफी संपवली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला सेन्सर घेऊन घरी बोलावलं. खिडकीतून नांगरलेल्या जहाजांची रांग दिसत होती. काकूंनी पोहे केले होते. मी त्यांच्या उजव्या मनगटावर सेन्सर चिकटवला, ज्या चिकटपट्टीनं पंपांना लावतो त्याच पट्टीनं. लॅपटॉपवर रेघ उमटली, स्वच्छ, नियमित, पुस्तकात छापावी इतकी देखणी. एवढा चांगला आलेख मला कुठल्याही मशीननं दिला नव्हता. चीफ चष्मा लावून तो बघत बसले. मग म्हणाले, "कुठलं बेअरिंग गेलंय, मोजणीदार?"

मी पोहे खात राहिलो. काय करावे, हा रकाना मी आयुष्यात पहिल्यांदा कोरा सोडला.

नोव्हेनाच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तो पुरा केला. काकूंनी फोनवर "पार्किन्सन" म्हटलं तेव्हा मला आधी वाटलं, यार्डातल्या कुठल्या कंपनीचं नाव घेतायत. मी विचारलंसुद्धा, त्यांचं काय काम निघालं? काकूंनी मला हळूहळू समजावून सांगितलं. समजवायचं मी होतं त्यांना, पण ते असो.

या आजाराची एक गंमत आहे. गंमत हा शब्द चीफचा. हात रिकामा बसला की थरथरतो, कामाला लावला की शांत होतो. "माझ्या हाताला सुट्टी मानवत नाही," असं ते सगळ्यांना सांगत सुटले. पण तोच हात एकाच जागी धरून ठेवला, बंदूक रोखून धरतात तसा, की थोड्या वेळानं थरथर परत येते. किती वेळानं? आम्ही बैठकीच्या खोलीत झाडूचा दांडा खांद्याला लावून मोजलं. सहा सेकंद. वीस वेळा मोजलं, सहाच. चीफ इतके खूश झाले की जणू नव्या इंजिनाची चाचणी पास झाली. म्हणजे बंदूक उचलायची, पाचच्या आत मारायची, खाली घ्यायची, लिव्हर मारायचा, परत उचलायची. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या की झाडू जागेवर ठेवा आणि मग काय ते करा.

आणि खरं सांगतो, त्यांचा खेळ सुधारला. पूर्वी ते नेम धरून विचार करायचे. आता विचाराला वेळच नव्हता. रविवारी मी मागं उभा राहून हळू आवाजात आकडे म्हणायचो आणि चीफ चारला नाहीतर पाचला गोळी सोडायचे. मेंढे तीन, तीन, चार, तीन असे पडत होते.

पण क्लबाचं सभासदत्व दर वर्षी नव्यानं घ्यावं लागतं, आणि फॉर्मवर प्रश्न असतो: हाताला कंप आहे का? मी आपली शहाणी सूचना केली की कामाच्या वेळी नसतो, तेव्हा नाही लिहिलं तरी ते खोटं होणार नाही. चीफनी माझ्याकडे बघितलं ते, मी लिव्हर अर्धा मारल्यावर बघायचे तसं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच रेंज ऑफिसरकडे गेले. हा चिनी गृहस्थ साठीचा, शिस्तीचा, इतक्या वर्षांत त्याला कुणी गोळी मोजायला चुकलेलं पाहिलं नव्हतं. त्यानं डॉक्टरांचं पत्र वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाला की या वर्षीची शेवटची स्पर्धा खेळा, मी स्वतः तुमच्या मागे उभा राहीन. "नेक्स्ट इयर कॅनॉट, चीफ. सॉरी, आह." चीफ म्हणाले की त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. म्हणजे त्या रिकाम्या भोकासाठी एकच दिवस उरला.

त्या दिवशी त्यांनी गोळीचं, म्हणजे औषधाच्या गोळीचं, वेळापत्रक कागदावर मांडलं होतं. नऊला घेतली की पावणेदहा ते साडेअकरा हात उत्तम. स्पर्धा दहाला. कोंबड्या चार पडल्या, डुकरं तीन, टर्की चार. माझा हिशेब एक कोंबडी, बाकी शून्य, आणि तीही वाऱ्यानं पडली असावी असं मत होतं. अकराला मेंढ्यांकडे वळणार तेवढ्यात विजेचा इशारा देणारा भोंगा वाजला. सिंगापुरात आकाश निळं असलं तरी हा भोंगा वाजतो, आणि तो थांबेपर्यंत उघड्यावर कुणी उभं राहायचं नाही. सगळे छपराखाली बसलो. साडेअकरा झाले. बारा. पाऊसही नाही. चीफनी उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. मी विचारलं, अजून एक गोळी घ्यायची का? म्हणाले, तिला चढायला पाऊण तास लागतो आणि भोंगा कधी थांबेल ते तुझ्या लॅपटॉपलाही सांगता येणार नाही. मग मी त्यांच्याशी यार्डातल्या कुठल्याशा पंपाबद्दल बोलत बसलो. मला दुसरं काही येत नव्हतं.

साडेबाराला भोंगा थांबला. आम्ही उभे राहिलो, चीफ डावीकडे, मी त्यांच्या उजवीकडे. म्हणजे समोर डावीकडे त्यांचे पाच मेंढे आणि लगेच उजवीकडे माझे पाच. मधे नावाला फूटभर फट. रेंज ऑफिसर शब्द दिल्याप्रमाणे चीफच्या मागं उभा राहिला, डोळे त्यांच्या हातावर. कानांवर जाड झाकणं चढवली. "फायर."

मी लिव्हर मारला. अर्धा.

गोळी अडकली. मी नखानं उकरायला लागलो. शेजारून चीफची पहिली गोळी गेली आणि दूरवर लोखंड वाजलं. मग लिव्हरचा तो भरदार खडक्, आणि दुसरी. वाजलं. मी उकरतोय. तिसरी वाजली. चौथीच्या आधी त्यांनी बंदूक दोनदा उचलून दोनदा खाली घेतली. हात सहाच्या आतच बंड करायला लागला होता हे मला न बघता कळत होतं. मग चौथीही वाजली. तेवढ्यात माझी गोळी सुटी झाली, मी लिव्हर मारला, आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक पूर्ण. मागून आवाज आला, शेवटचे पंधरा सेकंद.

मी घाईनं बंदूक उचलली. समोर मेंढ्यांची रांग उभी होती. डावीकडून सुरुवात करायची, हा नियम मला चार वर्षं घोकून घोकून शिकवला होता. सगळ्यांत डावीकडचा मेंढा धरला आणि चाप ओढला.

रांगेत सहा मेंढे उभे होते. पाच माझे, आणि त्यांच्या डाव्या अंगाला चीफचा उरलेला एक. जन्मभर मोजण्याचा पगार खाल्ला, आणि त्या दिवशी मला पाच आणि सहा यांतला फरक कळला नाही.

त्याच क्षणी चीफनीही गोळी सोडली. आवाज दोन झाले, लोखंड एकदाच वाजलं, मेंढा आडवा झाला. रेंज ऑफिसरचे डोळे हातावर होते, त्यानं मेंढा पाहिला नव्हता. तो म्हणाला, दोन्ही शॉट्स एकदम, मग हा पाडला कुणी?

चीफनी बंदूक खाली घेतली, लिव्हर उघडा ठेवला, आणि माझ्याकडे वळले. मराठीत म्हणाले, "तुझी कुठे गेली?"

त्यांचा उजवा हात पँटच्या शिवणीवर वाजत होता. टोपीचं भोक मला दिसत होतं.

"मातीत," मी म्हटलं.

रेंज ऑफिसरनं विचारलं, शुअर? मी म्हटलं, शुअर. माझ्या बाबतीत त्यावर कुणाचा अविश्वास बसणार? त्यानं चीफच्या नावापुढे पाच लिहिले आणि माझ्या नावापुढे शून्य. बाकीच्या नऊ जणांनी टाळ्या वाजवल्या. चीफ अजून माझ्याकडेच बघत होते, बोलणाऱ्यानं वाक्य अर्धवट सोडलं की आपण पुढच्या शब्दाची वाट बघतो तसे. तो शब्द आला नाही. त्यांनी हात खिशात घातला.

मग मेंढे परत उभे करायला आम्ही चालत गेलो. पांढऱ्या रंगावर गोळीचा करडा डाग उठतो. चीफचे चार डाग चार मेंढ्यांच्या खांद्यांवर होते. पाचव्याचा डाग होता खुराजवळ. माझ्या गोळ्या खाली जातात हे त्या क्लबात कुत्र्यालाही माहीत होतं. चीफ वाकले. त्यांनी तळहात मेंढ्याच्या पायावर टेकवला, पंपावर टेकवायचे तसा, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग रंगाचा डबा उचलून डागावर फवारा मारला. एरवी ते शिंगांपासून रंगवायला सुरुवात करायचे. त्या दिवशी खुरापासून केली. रेंज ऑफिसर पोचला तोवर मेंढा कोरा झाला होता.

पिन त्यांनी घेतली, सगळ्यांशी हात मिळवले आणि पिन सदऱ्याच्या खिशात टाकली. घरी जाताना एमआरटीत मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. आम्ही दोघांनी मिळून एक सुंदर गुन्हा केला, असं मला वाटत होतं. खांबाला धरून उभ्या असलेल्या चीफनी चाकांबद्दल काही सांगितलं नाही, एवढं लक्षात यायला हवं होतं.

दोन आठवड्यांनी मी क्लबात गेलो तेव्हा फुशारकी आवरेना. रेंज ऑफिसरला मी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं की समजा, एखाद्यानं चुकून शेजाऱ्याचं जनावर पाडलं, तर काय होतं? तो पुंगळ्या मोजत होता. मोजणं पुरं करून त्यानं माझ्याकडे सावकाश पाहिलं. म्हणाला, त्याचा शॉट बाद. शेजाऱ्याचं जनावर परत उभं करायचं आणि त्याला दम खाऊ देऊन, पुरा वेळ देऊन, एक गोळी परत मारू द्यायची. "सिंपल रूल, लाह. चीफ नोज. ही अँड मी, वी रोट द रूल टुगेदर."

तुम्ही हुशार असाल, तुम्हाला हे माझ्या आधी कळलं असेल. मला तिथं, पुंगळ्यांच्या ट्रेसमोर कळलं. "तुझी कुठे गेली" म्हणून चीफनी मला दार उघडून दिलं होतं. मी खरं बोललो असतो तर रेंज ऑफिसरनं तो मेंढा परत उभा केला असता. चीफ खुर्चीत बसले असते, हाताला जरा कामाला लावलं असतं, आणि मग उठून, पाच सेकंदांत, आठ वर्षांची ती एक गोळी. लागली असती की नसती, मला काय माहीत? त्यांनाही आता कधी कळणार नाही. आणि स्वतःहून ती मागायची तर मला चारचौघांत खोटारडा ठरवावं लागलं असतं. ज्या माणसानं फॉर्मवर एक अक्षर खोटं लिहिलं नाही, त्याच्या खिशात मी खोटी पिन घातली होती, आणि वर त्यालाच रंगाचा डबा उचलायला लावला होता.

सांगायचं ठरवून मी मरीन परेडला तीनदा गेलो. पहिल्यांदा काकूंच्या बहिणीचा फोन आला. दुसऱ्यांदा चीफना खुर्चीतून उठायला मदत लागली, त्यात विषय गेला. तिसऱ्यांदा घरात खोकीच खोकी. मुलगी पुण्याला बोलावत होती, ते दोघं निघाले होते. मी खोक्यांना चिकटपट्टी लावून दिली. सेन्सरची उरलेली होती, तीच. विमानतळावर चीफ व्हीलचेअरवर होते, डोक्यावर टोपी. तीन पिना, आणि चौथ्या भोकातून दिव्याचा एक ठिपका त्यांच्या करड्या केसांवर पडलेला. मी म्हटलं, चीफ, एक सांगायचं होतं. ते म्हणाले, "लिव्हर पूर्ण मार," आणि काकूंनी व्हीलचेअर वळवली.

याला आता दीड वर्ष झालं. मी अजून क्लबात जातो. डावीकडे एक तरुण सिंधी डेंटिस्ट उभा राहतो. तो भला माणूस आहे, माझ्या लिव्हरबद्दल काही बोलत नाही.

गेल्या रविवारी मी त्यांना व्हिडिओ कॉल केला. चीफचा आवाज आता इतका बारीक झालाय की फोनला पोचतच नाही. काकू त्यांच्या तोंडाशी कान नेतात आणि मग मोठ्यानं सांगतात. चेहराही हलत नाही. पूर्वी ते चेष्टा करतायत की रागावलेत हे डाव्या भुवईवरून कळायचं, आता भुवई जागची हलत नाही. कंपनं वाचणारा माणूस मी, आणि समोर अख्खा चेहरा स्थिर. मला काहीच वाचता येईना. म्हणून की काय, मी बोलून टाकलं. सहा मेंढे, खुराजवळचा डाग, मातीत नव्हती गेली, मला नियम माहीत नव्हता, सगळं. काकूंना त्यातलं काही कळत नव्हतं, त्या आपल्या आळीपाळीनं दोघांकडे बघत होत्या.

चीफचे ओठ हलले. काकूंनी कान नेला, ऐकलं, "काय?" म्हणून परत ऐकलं, आणि माझ्याकडे वळल्या.

"ते म्हणतायत," काकू म्हणाल्या, "लिव्हर तर जन्मात कधी पूर्ण मारला नाहीस. निदान खोटं तरी पूर्ण बोलायचंस, गाढवा."